यादीत न लिहिलेलं सामान

सहल ठरली की आपल्याकडे पहिल्यांदा निघते ती यादी. चिवडा, शंकरपाळे, पुऱ्या, लोणच्याची बरणी (फडक्यात बांधून!), सतरंज्या, थर्मास, बॅटरी, पत्ते, डोकेदुखीची गोळी, आल्याची वडी, लहानग्याचे जास्तीचे कपडे… ही यादी कोण करतं, हे मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नको. कुणाला कुठली चटणी चालत नाही, इथपर्यंत सगळं आपल्या ध्यानात असतं. पण निघायच्या आदल्या रात्रीपासून आपल्या सगळ्यांच्या डोक्यात घोळणारी एक गोष्ट मात्र त्या यादीत कधीच नसते. वाटेत जायचं कुठं?

मग आपण आपला नेहमीचा उपाय करतो. सकाळचा चहा अर्धाच घ्यायचा. पाण्याची बाटली भरायची ती मुलांसाठी आणि ‘ह्यां’च्यासाठी. कुणी पुढे केलीच तर म्हणायचं, “नको गं, प्यायलं की मग जावं लागतं.” या एका वाक्यावर आपल्याकडच्या बायकांचे किती प्रवास झाले असतील! कुलदैवताला जाताना, लग्नाच्या वऱ्हाडात, एस.टी.त, क्रूझरमध्ये, गडावर. पुरुषमंडळी गाडी थांबवतात, रस्त्याच्या कडेला पाठ करून उभी राहतात आणि दोन मिनिटांत हात झटकत परत येतात. आपण खिडकीतून दुसरीकडे बघत बसतो.

लघवी, संडास हे शब्द पुरवणीत आले म्हणून कुणी नाक मुरडू नये. न बोलून आजवर आपण काय मिळवलं? मिळवली ती दुखणी. बाईच्या शरीरात लघवीचा मार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, पुरुषाच्या मानानं फारच आखूड. त्यामुळे जंतूंना मूत्राशयापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. त्यात आपण पाणी पीत नाही, म्हणजे जंतू धुऊन निघायचा मार्गही बंद. वर तासन्‌तास लघवी धरून ठेवायची. मग सहलीहून आल्यावर दोन दिवसांनी जळजळ, सारखं जावंसं वाटणं, ओटीपोटात दुखणं. त्यात ताप किंवा कंबरेच्या वरच्या बाजूला पाठदुखी सुरू झाली, तर घरगुती काढे करत बसू नये, डॉक्टरकडेच जावं. पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठ होतं, मुतखड्याची भीती वाढते, उन्हात चक्कर येते. गरोदर बाई, मधुमेह असलेली, पाळी गेलेली, बाळंतपणानंतर अंग सैल झालेली… यांना तर धरून ठेवणं जमतही नाही आणि झेपतही नाही.

आणि सगळ्यात वाईट काय होतं, तर काही जणी हळूहळू यायच्याच बंद होतात. “तुम्ही जा गं, मी घरी बरी. कुणीतरी घराला हवंच ना!” असं म्हणणाऱ्या सासूबाई, मावशी, शेजारच्या काकू आठवून बघा. त्यांना डोंगर नको असतो असं नाही, चांदणं नको असतं असं नाही. गुडघे दुखतात, उकिडवं बसता येत नाही, आणि हे चारचौघांत सांगायचं कसं, एवढंच असतं.

म्हणून आज सरळ कृतीच देते. पुरवणीत एरवी वड्या-लाडवांची देतात ना, तशी! उघड्यावर, तंबूत, शेतावर किंवा लांबच्या प्रवासात आपल्याबरोबर नेता येईल असा घरच्या घरी करायचा संडास. साहित्य सगळं आपल्या गावात मिळणारं.

एक रंगाचा रिकामा डबा, २० लिटरचा, जाड प्लॅस्टिकचा, घट्ट झाकणाचा. घर रंगवणाऱ्याकडे किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. गरम पाणी आणि साबणानं स्वच्छ धुऊन उन्हात वाळवायचा. काठ मांडीला रुततो, म्हणून ए.सी.च्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी घ्यायची, उभी चिरायची आणि काठावर गोल बसवायची. झाली गादी! घरात कमोडची जुनी बैठक पडून असेल तर ती ठेवून बघा, बसली तर उत्तमच. डबा डुगडुगत असेल तर जमिनीत दोन-तीन इंच खळगा करून त्यात बसवायचा आणि भोवती दगड लावायचे. नेण्याआधी घरी बसून बघायचं. ज्यांचं वजन जास्त आहे किंवा तोल जातो, त्यांच्यासाठी डब्याची गंमत नको. दवाखान्याचं सामान विकणाऱ्या दुकानात घडीची कमोड-खुर्ची मिळते, ती गाडीच्या मागच्या भागात आरामात मावते.

डब्यात एकात एक अशा दोन जाड पिशव्या घालायच्या आणि त्यांच्या कडा बाहेरून दुमडायच्या. तळाशी चार बोटं कोरडा लाकडाचा भुसा. वखारीत तो पोत्यानं पडलेला असतो. नाहीतर भाताचं तूस, चाळलेली कोरडी माती किंवा पूर्ण विझलेली चुलीची राख. वापर झाला की प्रत्येक वेळी वरून दोन मुठी. भुसा ओल शोषून घेतो, माशा बसू देत नाही, आणि वास उठतो तो ओलीतून, त्यामुळे वासही दबतो. दोन तृतीयांश भरला की थांबायचं. झाकण घट्ट, गाडीत डबा उभा बांधून ठेवायचा आणि खाण्याच्या पिशव्यांपासून लांब.

आता आडोसा. आपली सहावारी साडी साधारण साडेपाच मीटरची. चार काठ्या सव्वा-सव्वा मीटर अंतरावर रोवल्या की तिचा एक पूर्ण वेढा बसतो आणि वर हातभर पदर उरतो, तोच दाराचा पडदा! बसलेलीला एक साडी पुरते. उभं राहून कपडे नीट करायचे तर वर दुसरी साडी लावावी लागते. साडी गडद रंगाची, जाडसर घ्या. आणि एक फार महत्त्वाचं. रात्री बॅटरी आत ठेवली की साडीवर आपलीच सावली नाचते आणि बाहेरच्यांना सगळा चित्रपट दिसतो! बॅटरी खाली जमिनीशी, कपड्याच्या काठाकडे तोंड करून ठेवायची किंवा बाहेरच ठेवायची. रस्त्यात घाई झाली तर गाडीची एका बाजूची दोन्ही दारं उघडायची, मध्ये चादर धरायची, की छोटी खोली तयार. हाताशी एक मोठी काळी छत्री असली तरी बरंच निभावतं.

हात धुण्यासाठी बाटलीच्या झाकणाला दाभणानं तीन-चार भोकं पाडा, बाटली दाबली की बारीक धार येते. साबणाची वडी जाळीच्या पिशवीत घालून तिथेच टांगा. पाळीचे दिवस असतील तर पॅड बदलायलाही हाच आडोसा. वापरलेलं पॅड मात्र कागदात गुंडाळून, वेगळ्या पिशवीत, परत घरी. शेकोटीत टाकलं तर ते धड जळत नाही, प्लॅस्टिकचा धूर तेवढा सगळ्यांच्या नाकात जातो.

आता पुढचा प्रश्न. भरलेल्या डब्याचं करायचं काय?

नुसत्या लघवीपुरता डबा ठेवायचा असेल तर भुसा घालूच नका. मुक्कामी पोचल्यावर संडासात ओतायचा, साबणानं धुवायचा, संपलं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तर असंच करावं, कारण भुसा संडासात ओतला तर तुंबायचं निमित्त. संडासचा भुसामिश्रित डबा असेल आणि आपलं शेत किंवा परस असेल, तर विहिरीपासून, बोअरपासून चांगलं लांब गुडघाभर खड्डा करायचा. पिशवीतलं फक्त आतलं त्यात रिकामं करायचं, वर वीतभर माती लोटायची आणि वर्षभर तरी तिथं भाजीपाला लावायचा नाही. पिशवी पुरायची नाही, ती मातीत कुजत नाही. रानात डबा नसेल तर निदान ६ ते ८ इंच, म्हणजे वीतभर खोल खड्डा करून बसावं आणि माती ओढून घ्यावी. ओढा, तळं, विहीर यांच्यापासून सुमारे ६० मीटर दूर, म्हणजे आपली शंभरेक पावलं.

गडावर तर हे डोळ्यांत तेल घालून पाळायला हवं. आपल्या सह्याद्रीतल्या गडांचे माथे खडकाचे. तिथं वीतभर खणायला माती कुठली? आणि पिण्याचं पाणी असतं ते खडकात खोदलेल्या टाक्यांत. टाक्याच्या वरच्या अंगाला कुणी बसलं, की पहिल्या पावसात ते कुठं उतरणार, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा? म्हणून गडावर आपलं आपण परत न्यायचं. हे वाचून कुणी “शी!” म्हणेल. पण एव्हरेस्टवर काय चाललंय बघा. नेपाळमधल्या तिथल्या स्थानिक पालिकेनं २०२४ साली नियम केला, की गिर्यारोहकांनी आपली विष्ठा खास पिशवीत भरून तळावर परत आणायची. जगातल्या सगळ्यात उंच डोंगरावर जाणाऱ्यांना जे लाजिरवाणं वाटत नाही, ते कळसूबाईला जाणारीला का वाटावं? तेही १,६४६ मीटरचं आपलं महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर आहे, म्हटलं!

गेल्या हिवाळ्यात आमच्या भिशीच्या अकरा जणी भंडारदऱ्याला तंबूत राहायला गेलो. डबा मी मुद्दाम सगळ्यांच्या देखत गाडीत चढवला. ड्रायव्हरदादा म्हणाले, “मावशी, एवढा चिवडा?” सगळ्या फिसकन हसल्या. खरं काय ते सांगितल्यावर दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला, एकीनं तर स्पष्टच सांगितलं, “मी नाही हं असल्यावर बसायची.” रात्री थंडी पडली. तिथं संडास होता, पण तंबूपासून बराच लांब, उतारावर आणि अंधारात. अकराच्या सुमारास माझ्या तंबूच्या कापडावर टकटक. “झोपलात का हो? तो… तुमचा चिवड्याचा डबा कुठंय?” तीच ती! पहाटेपर्यंत नऊ जणी जाऊन आल्या. सगळ्यांत वयस्कर आमच्या काकू. त्या सकाळी शेकोटीशी बसून चहाचा दुसरा कप मागत होत्या. मी इतक्या वर्षांत त्यांना प्रवासात दुसरा कप घेताना पाहिलं नव्हतं.

पण सकाळी एक प्रसंग झाला, तो सांगायलाच हवा. डबा धुवायची वेळ आली तेव्हा एक जण सहज म्हणाली, “अहो, इथं झाडलोट करणारी बाई आहे ना, तिला पन्नास रुपये देऊ, ती करेल.” वाईट हेतू नव्हता हो तिचा. पण माझ्या अंगावर काटा आला. आपल्या गावांतल्या जुन्या वाड्यांच्या मागच्या बोळांत टोपल्यांचे संडास होते. दुसऱ्यांच्या घरातलं ते डोक्यावरून वाहून नेणाऱ्या बायका आपल्या आज्यांनी पाहिल्या आहेत. त्या कोणत्या जातीच्या होत्या आणि त्यांना पाणीही वरून का ओतलं जायचं, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. माणसाकडून मैला उचलून घेण्याच्या प्रथेवर १९९३ साली कायद्यानं बंदी आली, २०१३ साली आणखी कडक कायदा झाला. कायदा झाला तरी मनातून ती टोपली जात नाही, ती अशी पन्नास रुपयांच्या रूपानं परत येते. आपल्या सोयीसाठी आपण डबा न्यायचा आणि तो तिच्या हातात द्यायचा, तर ही सोय नको, तहानलेलं राहणं परवडलं!

शेवटी आम्ही चौघींनी मिळून डबा रिकामा केला, धुतला. दहा मिनिटांचं काम. राख-भुशामुळे वाटलं होतं तितकं किळसवाणं ते नव्हतंच. आपल्याकडे ही वाट आधीच कुणीतरी घालून दिली आहे. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्यावर माती आणि पालापाचोळा टाकून त्याचं खत करणारा साधा संडास तयार केला. ‘गोपुरी संडास’ म्हणून तो ओळखला जातो. कुणालाही दुसऱ्याचा मैला उचलावा लागू नये, हा त्यामागचा विचार, आणि अप्पासाहेब हे काम स्वतःच्या हातानं करत होते. गाडगेबाबा आयुष्यभर हातात खराटा घेऊन यात्रांच्या गावी झाडत राहिले. त्यांच्या नावानं आपण ग्रामस्वच्छतेची बक्षिसं देतो. मग आपल्याच डब्याला हात लावायला लाज कसली? नियम एकच ठेवा. ज्यांनी वापरला, त्यांनी पाळीपाळीनं धुवायचा. घरच्या सहलीत तर पुरुषांनी आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलांनीसुद्धा. नाहीतर यादीतलं आणखी एक काम बाईच्याच गळ्यात!

आता कुणी म्हणेल, बायकांनी डबे घेऊन हिंडायचं आणि सरकारनं, पालिकेनं हात वर करायचे, असं का? मुळीच नाही. डबा रानासाठी, तंबूसाठी, अडचणीसाठी आहे. एस.टी. स्टँड, बाजार, देवस्थान, महामार्ग इथं बाईला स्वच्छ, पाणी असलेलं, दाराला कडी असलेलं स्वच्छतागृह मिळणं हा तिचा हक्कच आहे. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ या नावानं बायकांनी ही मागणी लावून धरली. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राज्यातल्या महापालिकांना बायकांसाठी रस्त्यांवर स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभरच्या न्यायालयांच्या आवारात अशी सोय करण्याचे आदेश देताना, स्वच्छतागृह हा सन्मानानं जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण २०१५ चा तो आदेश महापालिकांना. आपल्या गावात आहे नगरपालिका, नाहीतर ग्रामपंचायत. तिथं विचारणार कोण? आपणच! महिला ग्रामसभेत, हळदीकुंकवाला आलेल्या नगरसेविकेला, बचतगटाच्या बैठकीत. बाजाराच्या दिवशी भाजी विकायला येणाऱ्या बायका दिवसभर कुठं जातात, हे एकदा त्यांच्याशेजारी बसून विचारा. आपला प्रश्न वर्षातून एका सहलीचा, त्यांचा दर आठवड्याचा.

सहलीपुरतं म्हणाल, तर पैसे भरण्याआधी नेणाऱ्याला तीन प्रश्न विचारायचे. दर दोन तासांनी गाडी थांबेल का? थांबेल तिथं बायकांसाठी संडास आहे का, आणि त्यात पाणी आहे का? मुक्कामाच्या जागी तो तंबूपासून किती लांब आणि वाटेवर दिवा आहे का? पहिल्यांदा विचाराल तेव्हा तो गडबडेल. पाच जणींनी विचारलं की पुढच्या वेळी माहितीपत्रकात आपोआप छापून येईल. रानात जायचं झालं तर एकटीनं जाऊ नका, जोडीनं जा. काठी आपटत जा, गळ्यात शिट्टी ठेवा. आणि सहलीत नव्यानं आलेली, लाजरीबुजरी कुणी असेल, तर तिनं विचारायची वाट बघू नका. “मी चालले आहे, येतेस का?” एवढं म्हटलं तरी तिचा जीव भांड्यात पडतो.

मे महिन्याच्या सुटीचे बेत आता ठरू लागतील. काजवे बघायला, समुद्रावर, गडावर जायचं निघेल. या वेळी यादी करताना चिवड्याच्या खाली, सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरात लिहा: डबा, भुसा, दोन जुन्या साड्या, साबण. आणि त्याच्याही खाली, प्रत्येकीसाठी एक अशी पाण्याची बाटली. घरी राहणाऱ्या काकूंना ती यादी नेऊन दाखवा आणि मग विचारा, “आता तरी येणार ना?”